पहिल्यांदा क्रूझला निघताना

क्रूझला जायचं ठरलं की घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस पहिला प्रश्न विचारतं, ‘आणि बोट लागली तर?’ ज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला जाणाऱ्या बोटींचा प्रवास केला आहे, त्यांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. डेकवर सतरंजी अंथरायची, ट्रंकेला टेकून रात्र काढायची, आणि गाव आलं की खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीवरून पडावात उतरायचं, असा तो प्रवास. आजच्या क्रूझशी त्याचं काही साम्य नाही. पण त्या प्रवाशांना एक गोष्ट सतत ठाऊक असायची, ती म्हणजे आपण बोटीवर आहोत. आजच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव दिसतो, बुफे दिसतो, रात्रीची रोषणाई दिसते, आणि पहिल्यांदा जाणारा माणूस मनात हॉटेलचा हिशेब धरून निघतो. क्रूझवरच्या बहुतेक फजित्या या हिशेबातून होतात.

तर आधी बोट लागण्याविषयी. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट डोलते हे तिला कळतं. डोळ्यांसमोर मात्र केबिनच्या स्थिर भिंती असतात. दोघांची साक्ष जुळत नाही, आणि मळमळायला लागतं. म्हणून बरं वाटेनासं झालं की केबिनमध्ये पडून मोबाइल वाचत बसणं हा सगळ्यांत वाईट उपाय. उघड्या डेकवर यावं, वारा घ्यावा आणि क्षितिजाकडे पाहावं, म्हणजे डोळ्यांनाही हालचाल दिसते. रिकाम्या पोटी राहू नये, तडस लागेपर्यंत खाऊही नये. आलेपाकाच्या वड्या बरोबर ठेवल्या तर उत्तम, आल्याचा अनेकांना गुण येतो. गोळ्या घेणार असाल, तर त्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. त्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यातल्या काही चालत नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. शेजारच्यांना चालली म्हणून आपणही घेतली, असं करू नका.

मोठ्या क्रूझ बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. ते बोटीचं डावीउजवीकडे डोलणं बरंच कमी करतात. पुढचा भाग वर, मागचा खाली, असं जे होतं, त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून केबिन निवडताना एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये ती सर्वांत जास्त. दर मात्र बहुधा याच्या उलट चढत जातो, कारण उंचीबरोबर समुद्राचं दर्शन विकलं जातं. बाल्कनीची केबिन सुंदर असते, पण एकदोन रात्रींच्या सफरीत तिथे बसायला वेळ किती मिळतो? माझं मत विचाराल तर पहिल्या सफरीला आतली, बिनखिडकीची केबिनसुद्धा पुरते. तिथे दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो आणि सकाळ झालेली कळत नाही, एवढं सोसलं की झालं. ज्यांना बंद जागेत गुदमरतं, त्यांनी मात्र या बचतीच्या नादी लागू नये.

तिकिटावरचा दर पाहताना तो माणशी आहे आणि केबिनमध्ये दोघं राहणार असं धरलेला आहे, हे तपासा. एकट्याने जाणाऱ्याला दुसऱ्या माणसाच्या भाड्याचाही बराचसा भाग भरावा लागतो. केबिन, मुख्य भोजनगृहातलं जेवणखाण आणि बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम दरात धरलेले असतात. मद्य, स्पा, इंटरनेट, वेगळी खास रेस्टॉरंटं आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे साधारणपणे वेगळे. बंदर शुल्क आणि कर वेगळे लावलेले असू शकतात, आणि अनेक कंपन्या माणशी दर रात्रीचा सेवाआकारही घेतात. बोटीवर रोख पैसे फारसे चालत नाहीत. केबिनचं कार्ड हीच किल्ली आणि तेच पाकीट. लहान मुलांच्या हातात ते कार्ड देताना त्यावरची खरेदी बंद करून घ्या. आइस्क्रीम खाणाऱ्याला हिशेब दिसत नसतो.

मुंबईहून निघायचं तर बॅलार्ड पिअरवरून. इथून ‘एम्प्रेस’ नावाची जी बोट २०२१ पासून प्रवासी नेते, ती १९९० साली फ्रान्समध्ये बांधली गेली. जवळजवळ आठशे केबिन असलेली ही बोट आधी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने परदेशी समुद्रात फिरत होती. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा मुंबईच्या सफरी बंद असतात. २०२३ च्या जूनमध्ये हीच बोट चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करू लागली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव दर्यात होड्या घालत नाहीत, त्यामागचं शहाणपण मोठ्या बोटींनाही लागू आहे. समुद्र शांत हवा असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने पाहावेत.

कागदपत्रांविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे चुकलं तर सफर धक्क्यावरच संपते. देशातल्या सफरीला सरकारी ओळखपत्र लागतं, मुलांचंही. लक्षद्वीपला उतरायला आपल्याला भारतीय असूनही परवाना लागतो. तो काढण्यासाठी कागद आधी पाठवावे लागतात, ऐन वेळी नाही. परदेशी सफरीत अडचण वेगळीच असते. समजा, तुम्ही सिंगापूरला विमानाने गेलात, तिथून बोटीने पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरला आलात. म्हणजे त्या देशात तुम्ही दोनदा शिरलात. ग्रीसच्या बेटांच्या सफरीत मध्येच तुर्कस्तानचं कुशादासी लागतं. तिथे तुम्ही शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या बाहेर पडता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत येता. अशा ठिकाणी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. आणि ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही, बोटीवरच बसू’ असं म्हणून भागतंच असं नाही. वाटेतल्या देशाचा व्हिसा नसेल, तर कंपनी मुळात चढूच देत नाही, असं घडतं. पासपोर्टची मुदतही प्रवास संपल्यावर सहा महिने तरी शिल्लक असावी. गरोदर बाईला सफर संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल, तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही. बोटीवर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण तिथे हृदयाची शस्त्रक्रिया होत नाही, आणि परदेशी बोटींवरचं बिल डॉलरमध्ये येतं. तेव्हा समुद्रावरून हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमा घ्या. घरच्या पॉलिसीत तो धरलेला असेल, असं समजून चालू नका.

आता चढण्याचा दिवस. बोट संध्याकाळी सुटणार असली, तरी नोंदणी काही तास आधी बंद होते. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, ओळखपत्रं, बाळाचं दूध आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्या. इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर, चहाची विजेची किटली, मेणबत्ती हे सगळं सामानाच्या तपासणीत काढून घेतात. देवाचं निरांजन आणि उदबत्तीसुद्धा. याचं पुष्कळांना वाईट वाटतं. पण भर समुद्रात आग लागली, तर अग्निशमन दलाचा बंब कुठून येणार? आग विझवायची ती खलाशांनीच, आणि पळून जायला जागा नाही. जुन्या काळापासून दर्यावर्दी लाटेपेक्षा आगीला अधिक भीत आले आहेत.

सगळे चढले की भोंगा वाजतो. सात आखूड आणि एक लांब. ही आणीबाणीची खूण. सुटण्यापूर्वी होणाऱ्या कवायतीत आपल्याला ती ऐकवतात आणि आपली जमण्याची जागा दाखवतात. नेमक्या याच वेळी अर्धे प्रवासी डेकवर फोटो काढत असतात, काही बुफेच्या रांगेत असतात. मला याचा राग येतो, आणि तो का येतो ते सांगतो. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनारा इतका जवळ असूनही गेली. ‘टायटॅनिक’ १९१२ साली बुडाली. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही १३ जानेवारी २०१२ च्या रात्री, इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही भलीमोठी क्रूझ बोट खडकावर आपटून कलंडली आणि ३२ जण दगावले. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हाच्या नियमाने चोवीस तासांची मुभा होती. आता कवायत सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. बुफे संध्याकाळभर उघडा असतो. कवायतीला जा, आणि परतताना केबिनपर्यंतचा जिना पायांनी एकदा चालून पाहा. आणीबाणीत लिफ्ट बंद असते.

बोट बंदराच्या बाहेर पडली की मोबाइल विमान-मोडवर टाका. थोडा वेळ किनाऱ्याचे टॉवर दिसतात, मग फोन गुपचूप बोटीवरच्या उपग्रह-नेटवर्कला जोडला जातो. पाठीमागे चालणारी अपडेट्स, फोटोंच्या प्रती, सगळं त्या नेटवर्कच्या महागड्या भावाने चालू राहतं, आणि घरी आल्यावर बिल येतं ते तिकिटाच्या किमतीशी स्पर्धा करणारं. विमान-मोड ठेवून बोटीचं वायफाय विकत घेता येतं. नाहीतर एक रात्र नातेवाइकांना गुड मॉर्निंगचे निरोप गेले नाहीत, तर फारसं बिघडत नाही.

जेवणाच्या दालनात शिरण्याआधी साबणाने हात धुवा. हे शाळेतलं वाक्य वाटेल, पण एकाच चमच्याने हजारभर माणसं वाढून घेतात तिथे उलट्याजुलाबांचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो, आणि दाराशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबण आणि पाणी हाच खरा उपाय. जैन जेवण किंवा उपवासाचं हवं असेल, तर आरक्षण करतानाच कळवा. समुद्रात मधेच साबुदाणा मिळत नाही. घरून नेलेल्या चकल्या-लाडवांचं म्हणाल, तर काही कंपन्या बाहेरचं खाणं आत घेऊ देत नाहीत, ते आधी विचारा. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या बंदरात ते खाली नेताना जाहीर केलं नाही, तर मोठा दंड होतो.

आता बंदरावरचे तास. मुंबईहून रात्रभर चाललेली बोट गोव्यात लागते ती मुरगावला. पणजी तिथून साधारण तीस किलोमीटर, आणि कळंगुट-बागा त्याहून पुढे. हातात पाचसहा तास असताना उत्तरेच्या किनाऱ्यांचा हट्ट धरला, तर दिवस टॅक्सीतच जातो. त्यापेक्षा जवळचं बोगमाळो बघावं, नाहीतर जुन्या गोव्यातलं एखादं चर्च निवांत पाहून यावं. परतीची जी वेळ सांगितलेली असते, ती बोट सुटण्याची नव्हे, चढण्याची. बोट थांबत नाही. कंपनीच्या सहलीतली बस अडकली, तर ती सहसा वाट पाहते. आपण स्वतः केलेली टॅक्सी अडकली, तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. घड्याळही बोटीच्या वेळेवर ठेवा. परदेशात मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवतो आणि बोटीची वेळ वेगळी असू शकते.

लक्षद्वीपला तर धक्काच नाही असं समजा. प्रवाळाच्या कड्यांमुळे मोठी बोट दूर थांबते आणि लहान होड्यांतून उतरवतात, म्हणजे पुन्हा आपल्या आजोबांचा पडावच आला. गुडघेदुखीच्या माणसाने याचा आधी विचार करावा. लाटा जास्त असतील, तर कप्तान उतरणं रद्द करतो, आणि तिकिटाच्या अटींमध्ये त्याला तो अधिकार दिलेला असतो. परत मिळालीच तर बहुधा त्या बंदराची फी तेवढी मिळते. कप्तानाशी भांडून उपयोग नसतो. तो बोट चालवतोय, आपली सहल नव्हे.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात गोळा होतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवल्यात ना, ते दार लावण्यापूर्वी पाहा. दर सफरीत कुणीतरी पायजम्यात उतरतं. खर्चाचा हिशेब त्याच रात्री केबिनमधल्या टीव्हीवर किंवा अॅपवर बहुधा दिसतो. तो एकदा ओळीने वाचा, आणि काही चुकीचं लागलं असेल तर रात्रीच काउंटरवर जा. सकाळी तिथे उतरणाऱ्या सगळ्यांची रांग असते.