वेगाला पारख हवी



आई तांदूळ निवडते तेव्हा एकेक दाणा हातात घेत नाही. मूठभर तांदूळ ताटात पसरते, नजर फिरवते. खडा नसला तर सारे एकदम बाजूला सारते. खडा दिसला, तरच बोटाने दाणे चाळते. संगणकाचा वेग वाढविण्याची एक युक्ती नेमकी अशीच आहे.

पोस्टग्रेसक्यूएल ही माहिती साठविण्याची एक प्रणाली. तिचे मूळ अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. ती विनामूल्य मिळते आणि तिचा प्रोग्राम कोणालाही वाचता येतो. साध्या मजकुराच्या फाइलमधील लाखो ओळी तिच्यात भरण्यासाठी ‘कॉपी’ ही आज्ञा आहे. त्या वेळी संगणकाला खडे शोधावे लागतात : दोन रकान्यांमधला टॅब, ओळ संपल्याची खूण आणि पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारी उलटी तिरकी रेघ. जुनी रीत एकेक बाइट पाहण्याची. सुचविलेली नवी रीत व्हेक्टर सूचनांची : एका दमात १६ बाइट पाहायचे, खडा नसला तर सारे पुढे ढकलायचे.

ऐकताच आपण टाळ्या वाजवू. पण असा बदल स्वीकारण्यापूर्वी दुसरे जाणकार तो उघडपणे तपासतात. ते विचारतात, खडेच फार असतील तर? मग नजरही फिरवावी लागेल आणि दाणेही वेचावे लागतील. काम उलट मंदावेल. म्हणून अशीही फाइल घेऊन वेळ मोजला पाहिजे, आणि खडे वारंवार लागत असतील तिथे जुन्या रीतीकडे परतण्याची सोय हवी. दुसरा प्रश्न : उलटी रेघ नेमकी सोळाव्या जागी आली आणि तिचे अक्षर पुढच्या सोळांत गेले, तर? एक खूण निसटली, तरी एका रकान्यातील मजकूर दुसऱ्यात मिसळेल. उद्या त्या ओळीत तुमच्या मुलीचे गुण असतील!

मित्रांनो, या तपासणीत कोणाचा अपमान नसतो. ज्याने प्रोग्राम लिहिला, तो चूक दुरुस्त करून पुन्हा आणतो. आपल्याकडे मात्र उत्तरपत्रिका हाती आली की मुले गुण पाहतात, लाल शाई वाचत नाहीत. घरी गेल्यावर पालकही “किती मिळाले?” एवढेच विचारतात. मी शिक्षक आहे. हा दोष माझ्याही वर्गात आहे.

म्हणून एकच विनंती करतो. विद्यार्थ्यांनो, गणित सुटले की वही शेजारच्या मित्राला द्या आणि म्हणा, “यात चूक शोध.” पालकहो, आज रात्री मुलामुलींना गुणांऐवजी विचारा, “कुठे चुकलास? कुठे चुकलीस? मग काय केलेस?” चूक दाखविणाऱ्याचे जो आभार मानतो, त्याच्याच इल्मात भर पडते.

खुदा हाफिज.