कानातला नाद आणि मनातले भय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याधींची चर्चा काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मंडळ पन्नास वर्षांचे झाले, म्हणजे त्याचा पाया घालणारे सभासद पंच्याहत्तरीच्या पुढे गेले. आणि आपली ही वसाहत कारखान्याची असल्याने त्यांतील पुष्कळांचे तारुण्य यंत्रांच्या गडगडाटात सरले. त्यामुळे आम्ही जे निवेदन करणार आहोत ते एकट्याचे गाऱ्हाणे नसून या सभागृहातील अनेक घरांचे वृत्त आहे, अशी आमची समजूत आहे.

गेली बारा वर्षे आमच्या दोन्ही कानांत रातकिड्यासारखा एक बारीक स्वर अखंड चालू आहे. दिवसा तो माणसांच्या बोलण्यात लोपतो; रात्री दिवा मालवला की पुढे सरसावतो. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला वाफेचा फूत्कार, कोणाला घंटानाद. बाहेर ध्वनी नसता ऐकू येणाऱ्या या आवाजास डॉक्टर टिनिटस म्हणतात. आपल्याकडील कर्णनाद हे नाव फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद निराळा आणि बाधिर्य निराळे. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण दोहोंची गल्लत झाली म्हणजेच भय उत्पन्न होते.

कानात आवाज सुरू झाला की पहिला विचार मनात येतो तो हा, की आता आपण बहिरे होणार. वस्तुस्थिती काय आहे? अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनिलहरींनी त्या डोलतात आणि श्रवणतंतूंवाटे मेंदूस संदेश धाडतात. मनुष्याच्या या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्य व गोंगाट यांपुढे प्रथम बळी पडतात त्या उंच स्वरांच्या पेशी. तिकडील संदेश क्षीण झाला की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो. रेडिओवर केंद्र नीट लागेना म्हणून आपण आवाज वाढवावा आणि त्याबरोबर खरखरही वाढावी, तसाच काहीसा हा प्रकार असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे कर्णनाद हा पुष्कळदा श्रवणहानीचा परिणाम असतो, तिचे कारण नव्हे. त्या आवाजाने कान झिजत नाही.

इतकेच नव्हे, तर पूर्ण निःशब्दता निरोगी कानालाही क्वचितच लाभते. 1953 साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी उत्तम ऐकू येणाऱ्या 80 माणसांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसविले. त्यांपैकी 94 टक्के लोकांना कोणता ना कोणता आवाज ऐकू आला!

मग त्रास कशाचा? त्रास मुख्यतः भयाचा. भयाने लक्ष त्या आवाजाकडे जाते, लक्ष गेले की तो मोठा वाटतो, मोठा वाटला की झोप उडते आणि झोप उडाली की भय दुणावते. हा नाद समूळ नाहीसा करणारी खात्रीची गोळी आजमितीस नाही. मात्र मनाला त्याची सवय होऊ शकते. रात्री पंख्याचा किंवा मंद संगीताचा सौम्य आवाज सोबतीस ठेवावा. मानसोपचारातील विचार व वर्तन यांवर आधारलेल्या पद्धतीने कर्णनादाचा जाच कमी होतो, असे प्रयोगांती दिसले आहे. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांतील अनेकांना श्रवणयंत्राने दुहेरी लाभ होतो.

परंतु निश्चिंती म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. कानातील मळ, अ‍ॅस्पिरिनची मोठी मात्रा, जेंटामायसिनसारखी औषधे यांमुळेही नाद उद्भवतो; म्हणून डॉक्टरांना सर्व औषधे सांगावीत. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर तपासणी अवश्य करावी. एका-दोन दिवसांत एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठावेत; तेथे उशीर घातक ठरतो.

आता आमच्या मनातील मुख्य गोष्ट. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाच्या कानी मराठी चोहोबाजूंनी पडते. आपली मराठी मात्र घराच्या चार भिंतींत आणि या सभागृहात. उंच स्वर गेले की स, श, फ, थ ही व्यंजने पुसट होतात. 'सात', 'हात' आणि 'भात' एकसारखेच ऐकू येतात. मातृभाषेत ही उणीव संदर्भाने भरून काढता येते. परभाषेत ते अधिक कठीण. म्हणून आपला वृद्ध प्रथम बाजारात अबोल होतो. मग घरी तो "काय म्हणालास?" असे विचारतो आणि उत्तर मिळते, "काही नाही, आजोबा, जाऊ द्या." हे 'जाऊ द्या' चारदा ऐकले की तो विचारणेच सोडतो. ज्या आजोबांच्या तोंडून नातवाने मराठी ऐकावी, त्यांच्याशीच नातू बोलेनासा होतो. मग भाषा दोघांचीही जाते.

बीथोव्हेनने 1801 साली वेगेलर या आपल्या डॉक्टर मित्रास कळविले होते, की कान अहोरात्र घुमतात, आणि आपण बहिरे आहोत हे लोकांना सांगवत नसल्याने आपण समाजात जाणे टाळतो. तो थोर संगीतकार. 1824 साली त्याची नववी सिंफनी लोकांसमोर आली. आपणा सामान्यांना एकांतवास परवडणारा नाही.

तेव्हा आमची विनंती अशी. साठीनंतर डोळ्यांप्रमाणे कानही तपासून घ्यावेत. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 पासून, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून हे कार्य करीत आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. चष्म्याची लाज नाही, मग श्रवणयंत्राची का असावी? घरच्यांनी ओरडू नये. दूरदर्शन संच बंद करून, समोर बसून, तोंडावर उजेड असताना सावकाश बोलावे. ढोल-ताशाच्या पथकातील मुलांनी कानांत बोळे घालावेत; 85 डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, तर 100 डेसिबलला मर्यादा अवघ्या पाव तासाची. आणि मंडळाने गणेशोत्सवात पुढील दोन रांगा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखाव्यात.

आमच्या कानातला रातकिडा आताही गात आहे. त्याची आमची तक्रार उरलेली नाही. आपला आवाज मात्र आम्हांस ऐकावयाचा आहे. तेवढा थोडा सावकाश आणि समोर बसून ऐकवावा, इतकी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.