श्रवणाचे माध्यम आणि सामाजिक न्याय

(देवर्षी नारद जयंतीनिमित्त पत्रकार आणि कार्यकर्त्यांच्या एकत्रीकरणात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नारदांची जयंती आपण पत्रकारितेच्या निमित्ताने साजरी करतो. नारद म्हटले की वीणा, त्रिलोकसंचार आणि इकडची वार्ता तिकडे पोहोचविण्याचे कौशल्य एवढेच आपल्याला आठवते. परंतु भागवतात नारदांनी स्वतःच्या पूर्वजन्माची कथा व्यासांना सांगितली आहे. त्या जन्मी ते एका दासीचे पुत्र होते. चातुर्मासात मुक्कामाला आलेल्या ऋषींची सेवा करताना त्यांचे बोलणे त्या बालकाच्या कानी पडत गेले आणि त्या श्रवणातून पुढचे नारद घडले. ते आधी श्रोते होते, वक्ते नंतर झाले. आणि भक्तिसूत्रांत त्यांनीच सांगितले की भक्तांमध्ये जाती, विद्या, कुल, धन असा भेद नसतो. श्रवण आणि सामाजिक न्याय यांचे नाते आपल्या परंपरेत इतके जुने आहे. ते ध्यानात ठेवून आज मी एका नव्या माध्यमाविषयी बोलणार आहे.

हे माध्यम म्हणजे पॉडकास्ट. आपण त्याला श्राव्यमालिका म्हणू. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन शब्दांच्या संयोगातून फेब्रुवारी २००४ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराच्या लेखात हा शब्द प्रथम छापला गेला. जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या संगीत-प्रणालीत अशा मालिकांना स्थान दिले आणि त्यांचा प्रसार वेगाने झाला. ध्वनिमुद्रित केलेला भाग श्रोत्याने आपल्या सवडीने, स्वयंपाक करताना, प्रवासात, शेताच्या बांधावर ऐकायचा, एवढीच त्याची रचना आहे. त्यासाठी ना मोठे छापखाने लागतात, ना प्रक्षेपण मनोरे.

भारतात या माध्यमाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आपल्याकडे आकाशातील ध्वनीवर दीर्घकाळ शासनाची मक्तेदारी होती. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त रेडिओ चालविला, तेव्हा तो गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतरही ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत १९९५ साल उजाडले. खासगी एफ.एम. वाहिन्या आल्या, पण २०११ च्या धोरणातही त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्यापुरतीच मुभा मिळाली. त्यामुळे सामान्य नागरिकाने राजकारणावर, समाजावर, अन्यायावर केवळ आवाजाच्या माध्यमातून मोकळेपणाने बोलावे, ही गोष्ट या देशात प्रथम श्राव्यमालिकांमुळेच शक्य झाली.

एका गावात एक वर्ष

सामाजिक न्यायाच्या क्षेत्रात या माध्यमाने काय साधता येते, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील आहे. ‘इन द डार्क’ नावाच्या मालिकेचा दुसरा भाग २०१८ मध्ये प्रसारित झाला. मिसिसिपी राज्यातील विनोना या छोट्या गावात १९९६ मध्ये फर्निचरच्या दुकानात चौघांची हत्या झाली होती. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय तरुणावर त्यासाठी एकदा नव्हे, सहा वेळा खटला चालविण्यात आला आणि सहाही वेळा सरकारी वकील एकच होता. तीन वेळा दिलेली शिक्षा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, दोन वेळा ज्युरींचे एकमत झाले नाही आणि २०१० मध्ये सहाव्या खटल्यात पुन्हा मृत्युदंड सुनावण्यात आला.

मॅडलीन बॅरन आणि त्यांचे सहकारी या गावात जाऊन सुमारे वर्षभर राहिले. त्यांनी साक्षीदारांच्या ओसरीवर बसून त्यांचे ऐकले. आरोपीने आपल्यापाशी कबुली दिली असे शपथेवर सांगणाऱ्या तुरुंगातील साक्षीदाराने, ती साक्ष खोटी होती हे याच पत्रकारांपाशी मान्य केले. त्याहूनही कष्टाचे काम न्यायालयाच्या तळघरांत झाले. २६ वर्षांतील २२५ खटल्यांची कागदपत्रे काढून त्यांनी ६,७०० हून अधिक संभाव्य ज्युरी सदस्यांची नोंद तपासली. कारण न देता ज्युरी वगळण्याचा जो अधिकार सरकारी पक्षाला असतो, तो त्या कार्यालयाने गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांविरुद्ध जवळजवळ साडेचार पट प्रमाणात वापरला होता.

जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती शिक्षा रद्द केली. सहा खटल्यांत मिळून ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय संभाव्य ज्युरींना वगळण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद निकालपत्रात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सर्व आरोप मागे घेतले गेले. तोवर त्या माणसाची सुमारे २३ वर्षे तुरुंगात गेली होती. हा निकाल मालिकेमुळे लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. न्यायालयाने न्यायालयीन नोंदींवरून निर्णय दिला. परंतु एका विस्मृत माणसाचे प्रकरण देशाच्या कानापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय त्या मालिकेचेच आहे.

आवाजाची मोहिनी

आता दुसरे उदाहरण. २०१८ मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या बलाढ्य वृत्तपत्राने ‘कॅलिफेट’ नावाची मालिका प्रसारित केली. इस्लामिक स्टेटसाठी आपण सीरियात माणसे मारली, असे सांगणारा कॅनडातील एक तरुण तिच्या केंद्रस्थानी होता. त्याचा आवाज, त्याचे थांबणे, त्याची कबुली यांनी श्रोते भारावले. मालिकेला पीबॉडी पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याच तरुणावर बनाव रचल्याचा आरोप ठेवला. डिसेंबरमध्ये वृत्तपत्राला मान्य करावे लागले की, मालिकेचा गाभा पडताळणीला उतरत नाही. पुरस्कार परत करण्यात आला.

माध्यम तेच, वर्ष तेच आणि देशही तोच. मग फरक कुठे पडला? पहिल्या चमूने आवाजाच्या मागे जाऊन कागद पाहिले, दुसरा चमू आवाजावरच विसंबला. छापील मजकूर वाचताना वाचक थांबतो, मागे जातो, शंका घेतो. कानात बोलणारा आवाज मात्र मित्रासारखा वाटतो आणि मित्रावर आपण शंका घेत नाही. या माध्यमाची शक्ती जिथे आहे, तिथेच त्याचा धोकाही आहे.

राजकीय आणि चळवळीच्या मालिकांत हा धोका अधिक असतो. निष्कर्ष आधी ठरलेला, पाहुणा आपल्याच मताचा, प्रश्न त्याला सोयीचे आणि जो अनुपस्थित आहे त्याच्यावर तासभर खटला. डाव्या विचारांच्या अनेक मालिकांत हे सर्रास आढळते. अमेरिकेतील वंशभेदाची चौकट उचलून भारतीय जातिव्यवस्थेवर जशीच्या तशी बसविण्याची हौस त्यांत दिसते. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत हाच प्रयत्न झाला होता. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये मांडले आणि १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत पुराव्यानिशी नाकारला. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचा हा निष्कर्ष सोयीस्करपणे विसरावा, याला वैचारिक प्रामाणिकपणा म्हणता येत नाही.

परंतु मित्रहो, एवढ्यावर टाळ्या वाजवून आपल्याला घरी जाता येणार नाही. चौकट परकी आहे म्हणून वेदना परकी ठरत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशातील अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हजेरी, परवाने, तारांच्या कुंपणातील वसाहती हे सारे आपल्या सोलापुरात घडले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या पालावर जातात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विनोनाच्या फ्लॉवर्सची कथा ऐकताना मला वंशाचा सिद्धांत आठवला नाही, मला आपला पारधी बांधव आठवला.

आपले उत्तर की आपले ऐकणे?

काही महिन्यांपूर्वी आपल्याच काही तरुणांनी एक श्राव्यमालिका काढण्याचे ठरविले. पहिल्या पाच भागांची यादी घेऊन ते माझ्याकडे आले. पाचही विषय कोणाला तरी उत्तर देणारे होते. मी त्यांना विचारले, “गेल्या सहा महिन्यांत तुम्ही कोणाचे सलग दोन तास ऐकले आहे?” ते गप्प झाले. खरे सांगायचे तर तो प्रश्न मलाही लागू होता. आपल्याकडे उत्तम बौद्धिके होतात, वक्त्यांची वाण नाही; परंतु बोलण्याच्या सवयीने ऐकण्याची सवय कमी होते.

वास्तविक ऐकण्याचे धन आपल्याच घरात आहे. बाळासाहेब देवरसांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत, अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १४ एप्रिल १९८३ रोजी वर्षप्रतिपदा आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी आली आणि त्या दिवशी सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. गिरीश प्रभुणे आणि त्यांचे सहकारी पालापालांवर राहिले, लोकांचे ऐकत राहिले. त्यातूनच तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प उभा राहिला. २०२१ मध्ये प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सर्वांना आनंद झाला. पण त्या पालांवरच्या वृद्धांचे आवाज आज आपल्यापैकी कोणाकडे आहेत? त्यातील कितीतरी माणसे गेली. त्यांच्याबरोबर त्यांच्या बोलीतील गाणी, कुंपणातल्या आठवणी आणि अन्यायाच्या साक्षीही गेल्या. बाबासाहेबांनी १९२० मध्ये आपल्या पहिल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव का दिले असेल, याचा अर्थ अशा वेळी कळतो.

ते तरुण मग मराठवाड्यातील एका पारधी वस्तीवर गेले. पहिल्या भेटीत कोणी बोलले नाही. दुसऱ्या भेटीत चहा मिळाला. चौथ्या भेटीत एक आजी बोलल्या. त्यांच्या मुलाला चोरीच्या आरोपावरून उचलून नेले होते. वृत्तपत्रात नावानिशी बातमी आली होती. तरुणांनी न्यायालयाची कागदपत्रे मिळविली. आजींनी सांगितलेले साल चुकीचे निघाले, पण मूळ गोष्ट खरी होती: तो निर्दोष सुटला होता. सुटकेची बातमी मात्र कोठेही छापून आलेली नव्हती. अटकेची बातमी आपण सारेच पत्रकार देतो. सुटकेची बातमी आपल्यापैकी किती जण देतात, हा प्रश्न आजच्या दिवशी मी नम्रपणे आपणासमोर ठेवतो.

भाग तयार झाला. प्रसारणापूर्वी तो त्या मायलेकांना ऐकविला. मुलगा म्हणाला, “दादा, सगळं खरं हाये. पण मी आता शहरात कामाला लागलोय. तिथं हे कुणी ऐकलं तर काम जाईल.” आजींनी विचारले, “हे ऐकून कोण येणार हाये? ठाण्यातला साहेब, का तुमी?” तरुणांनी तो भाग प्रसारित केला नाही. आजही तो प्रसारित झालेला नाही. त्या वस्तीतील नऊ मुलांकडे जातीचे दाखले नव्हते, म्हणून ते तहसील कचेरीत खेटे घालू लागले. आतापर्यंत सहा दाखले मिळाले आहेत, तिघांचे बाकी आहेत.

कोणी म्हणेल, मग मालिकेचे काय झाले? मालिका चालू आहे. पण त्या अनुभवानंतर त्यांनी तीन नियम केले. ज्याचा आवाज घ्यायचा त्याच्याकडे ध्वनिमुद्रणयंत्राशिवाय किमान तीनदा जायचे. ऐकलेले कागदावर पडताळून पाहायचे आणि चूक झाल्यास पुढच्याच भागाच्या आरंभी ती मान्य करायची. आणि तिसरा नियम, प्रसारणापूर्वी तो भाग बोलणाऱ्याला ऐकवायचा. त्याने नको म्हटले तर तो भाग थांबवायचा. ज्यांच्या मताला आपला विरोध आहे, त्यांच्या बाबतीतही पहिले दोन नियम पाळायचे.

बंधू-भगिनींनो, समरसता म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाशी एकरूप होणे, असे आपण सांगत आलो. त्याची पहिली पायरी त्याचे दुःख त्याच्याच शब्दांत, आपले निरूपण मध्ये न घालता ऐकून घेणे ही आहे. नव्या माध्यमाने ती सोय आपल्या हाती दिली आहे. जाण्याचे, बसण्याचे आणि पुन्हा जाण्याचे काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. ते कार्यकर्त्यालाच करावे लागेल. उरलेले तीन दाखले मिळविण्यासाठी येत्या सोमवारी ते तरुण पुन्हा कचेरीत जाणार आहेत. ज्यांना सोबत जाणे शक्य आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे.

 भारत माता की जय.