आकाशमार्गे रुग्णसेवा : यंत्राइतकाच माणूस महत्त्वाचा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या जुहूला उतरले. आज शेजारच्या विमानतळावर अत्यवस्थ रुग्णही उतरतात. गावाकडील आप्ताला मुंबईस आणण्यासाठी विमान मिळाले, की आपण निश्चिंत होतो. परंतु विमान हे केवळ वाहन आहे. उपचार करतात ती त्यातील माणसे.

उड्डाणात विमानातील हवा कळसूबाईच्या शिखरावरील हवेहूनही विरळ होऊ शकते. आठ हजार फुटांच्या पातळीवर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरतो आणि शरीरात कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. छातीच्या पोकळीत हवा साठली असेल, तर उड्डाणापूर्वीच नळी घालून तिला वाट करून द्यावी लागते. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. हे सारे केवळ वैद्यकीय पदवीने अवगत होत नाही.

म्हणून अशा पथकात भूलशास्त्र, अतिदक्षता किंवा आपत्कालीन वैद्यक यांचा अनुभव असलेला डॉक्टर आणि अतिदक्षता विभागात मुरलेली परिचारिका हवी. त्यावर उड्डाणवैद्यकाचे स्वतंत्र शिक्षण आणि वारंवार सराव हवा. आपल्या देशात आपत्कालीन वैद्यक या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. अशी तज्ज्ञ माणसे अजून विपुल नाहीत, हे ध्यानी घ्यावे.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारावे : सोबत कोण येणार? त्यांनी कृत्रिम श्वसनावरील किती रुग्ण विमानाने नेले आहेत? प्राणवायूचा हिशेब काय? मिनिटाला दहा लिटर लागत असतील, तर खाटेपासून खाटेपर्यंतच्या तीन तासांना अठराशे लिटर होतात. विलंबासाठी राखीव साठा त्याहून वेगळा. या प्रश्नांची उत्तरे जाणकार पथक आनंदाने देते.

शेवटी एक विनंती. रुग्णवाहिकेवर दात्याचे नाव रंगविले जाते. परिचारिकेच्या प्रशिक्षणावर पाटी लावता येत नाही. तथापि संकटसमयी आपल्या माणसाच्या उशाशी उभे राहते ते प्रशिक्षणच. पन्नास वर्षे दानाची परंपरा जपणाऱ्या या संस्थेने पुढील वाटचालीत अशा निनावी दानालाही स्थान द्यावे, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!