आजीचा जन्म कुठे लिहिलाय?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी संगणकासमोर बसणारी बाई आहे, भाषणाची सवय नाही. पण आपल्या ग्रुपवर गेले चार महिने एकच प्रश्न फिरतोय, आणि मी जर्मनीत राहते म्हणून तो माझ्याकडे येतो. "आजी-आजोबा पोर्तुगीज हद्दीतले असतील तर युरोपचा पासपोर्ट मिळतो, खरं का?" आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची मुलगी नर्सिंग करते. तिला एका दलालाने हेच सांगून दीड लाख मागितले आणि त्यातले चाळीस हजार मैत्रिणीने देऊनही टाकले. म्हणून आज हाच विषय घेतला.

प्रश्न आपल्याकडे येतो याचं कारण नकाशात आहे. जव्हारहून सिल्वासाकडे निघालो की वाटेत खानवेल लागतं. तो सगळा नगर हवेलीचा मुलूख १७८३ पासून पोर्तुगिजांकडे होता. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे त्या लढ्यात होते, हे आपल्याला शाळेत सांगितलेलं आठवत असेल. ११ ऑगस्ट १९६१ ला तो भाग भारतात रीतसर सामील झाला.

माझ्या आईची आई तिकडची. हद्दीपलीकडच्या पाड्यावर जन्मली आणि लग्न होऊन इकडे आली. तिला विचारलं, "आजी, फिरंग्यांच्या राज्यातून आलीस तेव्हा कुणी अडवलं नाही?" ती म्हणाली, "वऱ्हाडाला कोण अडवतं?" आता घरचा हिशोब पाहा. आजोबा जन्माने मुकणे राजांच्या जव्हार संस्थानचे, आजी पोर्तुगालच्या हद्दीतली, आईचा जन्म १९५७ चा, म्हणजे मुंबई राज्यातला, आणि मी महाराष्ट्रातली. माझ्या पासपोर्टवर जिल्हा ठाणे आहे, घर मात्र २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. आम्ही कुठेही हललो नाही, हद्दीच आमच्यावरून फिरत गेल्या.

तर दलाल सांगतो त्यात खरं किती? पोर्तुगालचा कायदा गोवा-दमणसारख्या आपल्या जुन्या मुलखात तेव्हा जन्मलेल्यांचं नागरिकत्व मानतो. गोव्यासाठी १९ डिसेंबर १९६१ ही रेघ धरतात. त्यांच्या मुला-नातवंडांनाही दावा करता येतो. मात्र साखळी कागदाची लागते. आधी आजीच्या जन्माची, लग्नाची नोंद लिस्बनला चढवायची, मग आईची, मग आपली. गोव्यात जन्म-लग्नाच्या जुन्या पोर्तुगीज नोंदवह्या आहेत, म्हणून तिथल्या हजारो लोकांना हे जमलं. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती आहे, ती बरीचशी याच पासपोर्टवर उभी राहिली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ती वाट बंद झाली, पण बाकी युरोपात व्हिसाशिवाय राहता येतं, नोकरी करता येते आणि शिक्षणाची फी तिथल्या मुलांइतकीच पडते. माझ्या ऑफिसातल्या एका गोवेकर सहकाऱ्याने हे केलं. मला ज्या परवान्यासाठी कागदांचा गठ्ठा घेऊन रांगेत बसावं लागलं, तो त्याला लागलाच नाही. फायदा खरा आहे, मी नाकारत नाही.

आमच्या आजीचा जन्म मात्र कुठेच लिहिलेला नाही. वय विचारलं की ती सांगते, "मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या पावसात." पाड्यावर बाळ जन्मलं म्हणून सिल्वासाला जाऊन नोंदवायचं, हे कुणाच्या डोक्यात यायचं? मैत्रिणीच्या सासूचंही तेच. मी दलालाला फोनवर एवढंच विचारलं, "जन्माची नोंद कुठून आणणार?" तो म्हणाला, "ते आमच्यावर सोडा, ताई." याचा अर्थ तुम्ही समजून घ्या. खोट्या नोंदीवर गेलेली पोरगी परदेशात पकडली गेली, तर दलाल तिच्या शेजारी उभा नसेल.

दुसरी गोष्ट दलाल सांगतच नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. संविधानाचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दोन्ही तेच सांगतात : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट परत करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळू शकतं. ते म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. त्यावर मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

हा प्रश्न माझ्याही घरात आहे. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं ठेवायला परवानगी दिली आणि पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. माझी नऊ झालीत. सहकारी विचारतात, आता कशासाठी थांबलीस? जर्मनीची हरकत नाही, आपल्या देशाची आहे. माझं नाव मोखाड्याजवळच्या आमच्या गावच्या मतदार यादीत आहे, परदेशातल्या भारतीयांसाठी जो नमुना ६-अ असतो तो भरून. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतली माणसं. नाव गेलं की ग्रामसभेतून मी गेले. गेल्या सुट्टीत पाझर तलावाच्या जागेवरून दोन तास वाद चालला. मी तिथे खाली बसून बोलले आणि मला चारचौघांत खोडूनही काढलं. पाहुणी असते तर खुर्ची दिली असती. म्हणून अजून अर्ज केला नाही. मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला कदाचित वेगळं वाटेल. ती अठराची झाली की तिचं ती ठरवेल.

कागदावरून एक आठवण सांगून थांबते. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण जात पडताळणीसाठी वडिलांकडचा १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. आपले गुरुजी, आज पहिल्या रांगेत बसलेत, माझ्यासोबत गावच्या जुन्या प्राथमिक शाळेत आले. वाळवी लागलेली रजिस्टरं दोन शनिवार चाळली. वडिलांच्या चुलत्यांचं नाव सापडलं, १९४६ सालचं. पुढे जातीचा रकाना, त्यात "वारली". ते चुलते तिसरीत शाळा सोडून गुरं राखायला गेले, पण ती एक ओळ मागे राहिली आणि तिच्यावर माझी पदवी उभी आहे.

तेव्हा उद्या सकाळी दहाला मी त्याच शाळेत जाणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. १९५० पूर्वीची जेवढी रजिस्टरं उरलीत, त्यांचं पान न् पान फोटो काढून ठेवायचं आहे. चांगल्या कॅमेऱ्याचे मोबाइल ज्यांच्याकडे आहेत त्यांनी यावं. आणि मैत्रिणी, तू दिलेल्या चाळीस हजारांची पावती घेऊन ये. आपण दोघी तिथूनच पुढे पोलीस ठाण्यात जाऊ.