परतीच्या वाटेवरचे दोन कागद
(वार्षिक समारंभातील भाषण)





अरबी शिकण्यासाठी मी तीन महिने कैरोला राहून आलो. तिथे काय शिकलो ते सांगावे, अशी संस्थेची इच्छा आहे. परंतु खरा धडा मला परतीच्या वाटेवर मिळाला, म्हणून तोच सांगतो.

वर्गात शिकवतात ती ग्रंथांची अरबी. रस्त्यावरची बोली निराळी. मी दुकानदाराला 'कैफ हालुक' विचारी, तो हसून 'इझ्झय्यक' म्हणे. 'ज'चा तिथे 'ग' होतो, म्हणून जमाल झाला गमाल! चहानंतर 'हिसाब' म्हटले की मात्र काम होई. आपला हिशेब तोच.

परतताना आखातात विमान बदलले. शेजारी आपल्याच जिल्ह्यातला एक तरुण बसला होता. मी अरबी शिकून येतो आहे हे कळताच त्याने पिशवीतून एक करारनामा काढला. "सर, दोन वर्षं झाली सही करून. यात काय लिहिलंय?" शब्दकोश उघडून, अडखळत मी वाचले. जेवणाचा खर्च पगारातून कापण्याची अट त्यात होती. त्याला तोंडी सांगितले होते, जेवण फुकट. तो पुढे बराच वेळ बोलला नाही. सौदी अरबस्तानच्या कामगार कायद्यानुसार दोन भाषांतील मजकुरात फरक असेल, तर अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. आपली मुले मात्र न वाचता सही करतात.

पहाटे ऐरोली, महापेमार्गे शीळफाट्याला पोहोचलो. मुंब्रा, कल्याण, पनवेल, सगळीकडचे ट्रक नेहमीप्रमाणे अडकलेले. घरी सामान ठेवतो तोच शेजारचे चाचा आले. "परदेशी भाषा शिकून आलास ना? मग हा कागद वाच." कागद होता गावच्या जमिनीचा सातबारा. भाषा मराठी!

चाचांचे शिक्षण उर्दूतून झाले. मराठी कागद दिसला की ते घाबरतात. मी बोट ठेवून वाचू लागलो: जिल्हा, तालुका, महसूल, वारस, हिस्सा. मित्रांनो, हे सारे शब्द मुळात अरबी आहेत! चाचांना प्रत्येकाचा अर्थ ठाऊक होता. अडले होते ते फक्त लिपीपाशी. वाचता वाचता दिसले की, वारसांत त्यांच्या बहिणीचे नावच नव्हते. शरियतने दिलेला हक्क, पण कागदावर नोंद नाही आणि घरात कुणाला पत्ता नाही. चाचा म्हणाले, "अर्ज लिहून दे. आजच जातो."

बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली शिकायला विलायतेत गेले. डोळ्यांच्या विकारामुळे १८६४ मध्ये त्यांना परतावे लागले. ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. ती विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते.

पालकहो, मुलांना घरची भाषा द्या, दीनची भाषा द्या. पण ज्या भाषेत आपल्या जमिनीचा, नोकरीचा कागद लिहिला जातो ती भाषाही द्या. आणि विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर पेटीतला एक सरकारी कागद काढून आईवडिलांना वाचून दाखवा. अडलेला शब्द उद्या गुरुजींना विचारा.

खुदा हाफिज.