आपली जागा आणि नगराचा नकाशा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्या, विवाह आणि व्यवसाय या विषयांवर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज चिटणीसांच्या आग्रहावरून आम्ही एका रुक्ष विषयाकडे आपले लक्ष वेधीत आहोत. तो विषय म्हणजे आपल्या जागेस लागू असलेले नगररचनेचे नियम. विषय रुक्ष खरा. परंतु निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी आपली बहुतेक कुटुंबे ज्या एका गोष्टीत घालतात, ती गोष्ट भूखंड हीच होय. तेव्हा याकडे पाठ फिरविणे आपणांस परवडणारे नाही.

भूखंड घेताना आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : विकणारा खरा मालक आहे काय? सात-बारा पाहिला, आखीव पत्रिका पाहिली, वकिलांनी शोध घेतला, खरेदीखत नोंदविले, की आपण निश्चिंत होतो. हा प्रश्न आवश्यकच आहे. पण तो अर्धाच आहे. जागा कोणाची, हे खरेदीखत सांगते. त्या जागेवर काय करता येईल, हे नगराचा विकास आराखडा सांगतो. मालकी निर्वेध असलेली जागाही आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव, नियोजित रस्त्याखाली जाणारी किंवा शेती विभागातील असू शकते.

आपल्याच समाजातील एका कुटुंबाने दीड हजार चौरस फुटांचा भूखंड घेतला. कागदपत्रे निर्दोष होती. बांधकामाची परवानगी मागावयास गेल्यावर कळले की, निम्मा भूखंड नियोजित रस्त्यात जातो. उरलेल्या तुकड्यात चारी बाजूंचे अंतर सोडल्यावर घर बसेना. दलालाने खोटे सांगितले असे नव्हे. त्याला कोणी विचारलेच नव्हते. पुढे कन्येच्या विवाहाचा मुहूर्त वर्षभर लांबला, तो केवळ या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे.

मग हा प्रश्न विचारावा कोठे? आपल्या नागपुरात दारे तीन आहेत. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास, १९५१ पासूनची महानगरपालिका आणि २०१७ साली स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. शहरातील अभिन्यासांची, म्हणजे लेआउटांची, प्रन्यास व महापालिका यांमधील वाटणी वेळोवेळी बदलत आलेली आहे. शहराबाहेरील गावांसाठी बहुतांशी प्राधिकरणाकडे जावे लागते. म्हणून आपली जागा कोणाच्या अधिकारात येते, हे प्रथम निश्चित करावे.

त्यानंतर मौजा आणि खसरा क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक घेऊन त्या कार्यालयाच्या नगररचना विभागात अर्ज करावा व दोन कागद मागावेत : भाग नकाशा आणि झोन दाखला. दाखला जागेचा विभाग सांगतो : रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक किंवा शेती. भाग नकाशा जागेवरील आरक्षण आणि रस्त्याची रेषा दाखवितो. रंगांचा अर्थ अंदाजाने न लावता नकाशाची सूची वाचावी. भूखंड अभिन्यासातील असेल तर मंजूर अभिन्यासाचा नकाशाही पाहावा. कारण मुलांच्या खेळासाठी सोडलेली मोकळी जागा भूखंड म्हणून विकली गेल्याची उदाहरणे आहेत.

येथे एक भेद ध्यानी धरावा. झोन दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. रहिवासी विभागातही घर किती उंच, कडेने किती जागा मोकळी, एकूण बांधकाम किती, हे डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीवरून ठरते. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकी बांधकामाची मुभा सामान्यतः अधिक. महालात किंवा इतवारीत दाट वस्तीचे नियम वेगळे, बाहेरच्या विरळ वस्तीचे वेगळे. शेजाऱ्याने तीन मजले चढविले म्हणून आपणही चढवावेत, हा युक्तिवाद कार्यालयात चालत नाही.

हे निर्बंध कोणाच्या लहरीतून जन्मलेले नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले, हे आपण विसरलेलो नाही. याच कारणासाठी नियमावलीत निळ्या आणि लाल पूररेषेची तरतूद आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते आणि दोन रेषांमधील पट्ट्यात कडक बंधने असतात. स्वस्त मिळणारा नदीकाठचा भूखंड स्वस्त का, याचे उत्तर पुष्कळदा नकाशात असते.

ज्यांनी यापूर्वीच जागा घेतली आहे, त्यांनी निराश होऊ नये. '५७२' आणि '१९००' हे लेआउटांचे आकडे नागपूरकरांस पाठ आहेत. अशा अनधिकृत अभिन्यासांतील अनेक भूखंड नियमित झाले, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यास आधार दिला. नियमितीकरणाचे पत्र, ज्यास आपण आर. एल. म्हणतो, ते घरात नसेल तर आजच त्याच्या मागे लागावे. आरक्षण असलेल्या जागेबाबतही १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकास रीतसर सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात आल्याचे मानले जाते. मात्र ही सूचना जाणत्या वकिलाकडूनच द्यावी.

शेवटी एक विनंती. नागपूरचा सुधारित आराखडा २००० साली आणि महानगर प्रदेशाचा २०१८ साली मंजूर झाला. असा आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्याचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकती मागविल्या जातात. त्यासाठी मुदत थोडी असते. त्या दिवसांत आपण झोपलेलो असतो आणि नंतर वर्षानुवर्षे हळहळत राहतो. आपल्या समाजात अभियंते, वकील आणि महसूल खात्यातील निवृत्त मंडळी आहेत. मंडळाने त्यांची एक समिती नेमावी. महिन्यातून एका रविवारी तिने ज्ञातिबांधवांची कागदपत्रे पाहून द्यावीत आणि वृत्तपत्रांतील अशा सूचनांवर लक्ष ठेवावे. पैसे मोजण्याच्या आधी नकाशा उघडला जावा, एवढा एक परिपाठ जरी आपल्या घराघरांत पडला, तरी पुष्कळांची पुंजी वाचेल.